चार मुठी मीठ आणि नऊ ड्रायव्हर

ती. दादा,

तुला आणि वहिनीला माझा वाकून नमस्कार. (कंबरेमुळे हल्ली निम्मंच वाकता येतं, उरलेला निम्मा तू मोठ्या मनाने पुरा धरून घे.) तुझी तब्येत कशी आहे, वहिनीचा गुडघा काय म्हणतो ते सविस्तर कळव. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की जिना उतरताना ती प्रत्येक पायरीला तुझं नाव घेते. त्यात प्रेम किती आणि तक्रार किती ते तूच तपासून बघ. तो जिन्याचा कठडा दुरुस्त करायचं तू किती वर्षं सांगतो आहेस हे मला तोंडपाठ आहे.

आठ महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. फोनवर बोलतो हे खरं, पण फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणत पेपर वाचत असतोस. पानं उलटल्याचा आवाज मला इकडे ऐकू येतो. ही हकिकत तशी अर्ध्या कानाने ऐकायची नाही, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. थोडक्यात सांगायचं तर तुझ्या धाकट्या बहिणीचा फोटो आमच्या बस डेपोच्या फलकावर लागला आहे, थेट वेळापत्रकाच्या शेजारी, काचेच्या आत. काचेच्या आत आजपर्यंत फक्त मोठ्या साहेबांचा फोटो होता, आणि तोही ते बदलून गेले तेव्हा काढला. पण थोडक्यात सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, तेव्हा सुरुवातीपासून सांगते.

तुला ठाऊकच आहे, या डेपोच्या कँटीनची मी तेवीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण आहे. दुपारी एकशेवीस ताटं. त्यातले चौसष्ट ड्रायव्हर, बाकी कंडक्टर आणि वर्कशॉपवाले. हाताखाली माझी धाकटी जाऊ. (घरात ती माझ्या हाताखाली कधीच नव्हती, ते सुख मला कँटीनमध्ये मिळालं.) सगळे मला मावशी म्हणतात, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला सिग्नलसुद्धा. सिग्नल म्हणजे आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. जरा कुणी वाद घातला की त्याचा चेहरा लाल होतो, म्हणून हे नाव. एकतीस वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि बत्तिसावं वर्षही तसंच काढायचं हा त्याचा एकच ध्यास होता. माझ्या रश्श्याची तीन ओगराळी आणि तळलेल्या बटाट्यांचा डोंगर घेतल्याशिवाय तो दुपारच्या फेरीला निघत नसे. माझ्या स्वयंपाकाचं याहून मोठं प्रमाणपत्र मला कधी लागलं नाही.

तर आठ महिन्यांपूर्वी ड्रायव्हर लोकांची वार्षिक तपासणी झाली. दरवर्षी एक म्हातारे डॉक्टर यायचे, ते नाडी धरून खिडकीबाहेर बघायचे आणि सगळ्यांना पास करायचे. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आली एक तरुण डॉक्टरीण. अंगाने एवढीशी, बोलायला हळू, पण हिने प्रत्येकाचा दाब तीनतीनदा मोजला, एकदा बसवून, एकदा उभं करून आणि एकदा दहा मिनिटं गप्प बसवून. (कंडक्टरांना गप्प बसवता आलं नसतं, नशीब तपासणी ड्रायव्हरांचीच होती.) रक्तही काढलं. आठवड्याने निकाल आला. नऊ ड्रायव्हर नापास. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर, तेव्हा तो खाली येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्या नऊ जणांत सिग्नल पहिला. त्याला कुठे बसवावं कळेना, म्हणून हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवला. मी चहा घेऊन गेले तेव्हा मागे चाळीस छत्र्या टांगलेल्या आणि पुढे हा, दोन्ही हात टेबलावर. हात स्टिअरिंग धरल्यासारखे धरले होते. चहा त्याने तसाच ठेवला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या स्वयंपाकघरात हजर. मी म्हटलं, आली असेल जेवायला. जेवलीच आधी. सगळं ताट स्वच्छ केलं, तळलेले बटाटे पुन्हा मागून घेतले, मग हात धुऊन म्हणाली, “मावशी, फार छान झालंय. आता मला सांगा, यात मीठ किती असतं?”

“अंदाजाने,” मी म्हटलं.

“आणि तळणीचं तेल कधी बदलता?”

“संपलं की.”

तिने वहीतला एक कागद फाडला आणि रक्तवाहिनीचं चित्र काढलं. मला वाटत होतं की नळात गाळ बसतो तसं लोणी-तेल रक्तवाहिनीत आतून चिकटत असेल. ती म्हणाली, तसं नाही. वाहिनीला आतून एक फार पातळ अस्तर असतं. दाब सतत जास्त राहिला, रक्तात चरबी जास्त झाली, की ते अस्तर दुखावतं आणि चरबी वाहिनीच्या भिंतीच्याच पोटात शिरते. तिथे ती साठते, भिंत आतल्या बाजूला फुगते आणि वाट अरुंद होते. मीठ काय करतं, तर अंगात पाणी धरून ठेवतं, त्याने दाब वाढतो आणि वर्षानुवर्षं तो तसाच राहिला की लवचीक वाहिनी कडक होते. माणसाला यातलं काही कळत नाही. तो जेवतो, ढेकर देतो, बस चालवतो. मग एक दिवस साठ माणसं मागे बसलेली असताना कळतं.

हे सगळं ती इतक्या सौम्यपणे सांगत होती की माझा अपमान होतो आहे हे कळायला मला चार मिनिटं लागली. कळल्यावर मात्र मी उभी राहिले आणि म्हटलं, म्हणजे माझ्या जेवणाने ही माणसं आजारी पडली असं तुमचं म्हणणं आहे का? ती म्हणाली, “एकट्या तुमच्या नाही. ते घरीही खातात, सिगारेट ओढतात, दिवसभर बसून असतात. पण रोज दुपारी ते तुमच्या हातात असतात.” आणि गेली. चित्राचा कागद मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेली. तो मी चुरगळून टाकला. मग उचलून सरळ केला. (माझा स्वभाव तुला माहीत आहे. राग खरा असतो, पण कागद वाया घालवणं मला जमत नाही.)

आता पुढचं जे केलं त्याचा मला अभिमान नाही, पण लिहायचं तर सगळं लिहायला हवं. मी रागाने तीन दिवस मीठच घातलं नाही. रश्श्यात नाही, सुपात नाही, बटाट्यांवर नाही. म्हटलं, घ्या तुमचं आरोग्य. पहिल्या दिवशी माणसांनी एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडच्या तळणाच्या गाडीवर रांग लागली. तिसऱ्या दिवशी सिग्नल खिडकी सोडून कँटीनमध्ये आला, खिशातून काडेपेटी काढली, उघडली, तर आत काड्यांऐवजी मीठ. ते त्याने रश्श्यात पालथं केलं आणि पेटी शेजाऱ्याला दिली. ती काडेपेटी चार टेबलं फिरून आली. माझ्या देखत, दादा. आपण रांधलेल्या अन्नावर दुसऱ्याने मीठ घालताना बघणं काय असतं हे वहिनी तुला समजावून सांगेल.

डेपोच्या साहेबांनी मला बोलावलं. ते ओरडत नाहीत, चष्मा काढून पुसत राहतात, आणि जेवढा वेळ पुसतात तेवढं प्रकरण गंभीर समजायचं. पुसता पुसता म्हणाले की नऊ ड्रायव्हर खाली बसल्यामुळे सोळा फेऱ्या रद्द होत आहेत, उरलेले उपाशीपोटी गाड्या चालवत आहेत, आणि वरच्या कचेरीचं म्हणणं आहे की कँटीन बंद करून डबाबंद जेवण बाहेरून मागवावं. त्यांनी मला सहा महिने दिले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तिचा निकाल बघून कँटीनचा निर्णय.

त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही. सगळे गेल्यावर वजनकाटा घेतला, तेवीस वर्षं ज्या मुठीने मीठ घातलं ती मूठ भरली आणि काट्यावर उघडली. पंच्याहत्तर ग्रॅम. रश्श्याच्या पातेल्यात मी चार मुठी घालत होते. चार मुठी म्हणजे तीनशे ग्रॅम, म्हणजे एकट्या रश्श्यातून माणशी अर्धा चमचा. मग सूप, बटाटे, लोणचं, पाव. डॉक्टरीणबाईंनी सबंध दिवसाला एक लहान चमचा सांगितला होता, तो माझ्याकडे दुपारच्या एकाच जेवणात संपत होता. (सिग्नलच्या बाबतीत तर तिसऱ्या ओगराळ्यालाच.) मी किती तरी वेळ काट्याकडे बघत बसले. माझ्या हाताला मोजमापाची गरज नाही असं मी लोकांना कौतुकाने सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, तुम्ही औषध बघा, ताट मी बघते. तिने मला एक युक्ती सांगितली. जीभ हळूहळू सवय बदलते, एकदम तोडलं तर बंड करते. म्हणून दर सोमवारी एक मोठा चमचा कमी. बाकी सगळं डोकं माझं, हे मात्र तू वहिनीला ठळक सांग. कांदा इतका परतायचा की तो स्वतःच गोड होतो. लसूण भाजून ठेचायचा. लिंबू आणि मिरी शेवटी, आच बंद केल्यावर, म्हणजे मीठ कमी आहे हे जिभेच्या लक्षात यायच्या आत ती दुसरीकडे गुंतते. सुपाला दाटपणा आणायला लोणी आणि मैद्याऐवजी ओट्स. मांस निम्म्यावर आणून त्या जागी घेवड्याचे दाणे आणि वाटाणे. पालक रोज, बीट दोन दिवसांआड. (बीट खाऊन दुसऱ्या दिवशी तीन वर्कशॉपवाले घाबरेघुबरे होऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. कशामुळे ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण कारण फक्त बीटच होतं.) तळलेले बटाटे फक्त शनिवारी, तेही ताज्या तेलात. इतर दिवशी सालासकट भाजलेले. लोणच्याची बरणी टेबलावरून उचलून माझ्या मागच्या फळीवर ठेवली. पाहिजे त्याने माझ्या नजरेला नजर देऊन मागायची.

आठ आठवडे गेले. आठ चमचे कमी झाले. एक तक्रार नाही. काडेपेट्या बंद झाल्या, तळणाच्या गाडीवरची रांग विरली. मी मनातल्या मनात डोक्याला फेटा बांधून हिंडत होते. मग डॉक्टरीणबाईंनी मधली तपासणी केली, आणि नऊच्या नऊ जणांचा दाब जवळजवळ होता तिथेच. ती म्हणाली, थोडा वेळ लागतो. पण तिचा चेहरा पडलेला मी बघितला. माझा तर असा पडला की जाऊबाईने खुर्ची आणून दिली.

मला झोप लागेना. आठ चमचे कमी केले ते गेले कुठे? शेवटी मी मिठाची मोठी बरणी सकाळी तोलली आणि संध्याकाळी तोलली. मी घातलं होतं त्याहून सव्वाशे ग्रॅम जास्त गेलेलं. मला आधी ड्रायव्हरांचा संशय आला. दोन दिवस मी पातेल्यापाशी खडी पहारेकरीण झाले, तिथून हलले नाही, आणि त्या दोन दिवसांत बरणीचं वजन बरोबर भरलं. तिसऱ्या दिवशी मी दूधवाल्याशी बोलायला बाहेर गेल्याचं सोंग केलं आणि मागच्या दाराने आत आले. बघते तर आमची जाऊबाई, हातात माझाच चमचा, माझ्याच पातेल्यात मीठ घालते आहे.

मी काही बोलायच्या आत तीच रडायला लागली. म्हणाली, “ताई, मला वाटलं तुम्हांला विसरायला होतंय. रोज चव कमी लागायची. म्हटलं, कुणाच्या लक्षात यायला नको.” म्हणजे बघ. मी गुपचूप एक चमचा काढत होते, आणि ही माझी अब्रू झाकायला गुपचूप एक चमचा घालत होती. मी चोरून करायचं म्हणून तिलाही सांगितलं नव्हतं, चूक सगळी माझी. वीस वर्षं आम्ही दोघी तव्याच्या मालकीवरून भांडत आलो, आणि माझ्या म्हातारपणाची काळजी ती बरणीतून वाहत होती. मी तिला जवळ घेतलं. (तिने लगेच डोळे पुसून विचारलं की मग तवा आता माझा समजायचा का. मी विषय बदलला.)

मग दोघींनी मिळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सोमवारी एक चमचा. माणसांच्या जिभेचं खरं रूप मला या काळात कळलं. दहाव्या आठवड्यात साहेबांच्या आग्रहाखातर मी फळ्यावर लिहिलं, ‘आजपासून कमी मिठाचे जेवण’. त्या दिवशी मी एक कणही कमी केला नव्हता, आदल्या दिवसाचंच प्रमाण होतं. तरी एकशेवीसपैकी साठ जणांनी तक्रार केली. कुणी म्हणालं आजारी माणसाचं जेवण, कुणी म्हणालं पाण्यात शिजवलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी मी फळा पुसून लिहिलं, ‘लोकाग्रहास्तव जुनी चव’, आणि त्याहून एक चमचा कमी घातला. साठच्या साठ जण येऊन म्हणाले, मावशी, आता कसं बरं वाटलं. त्या दिवसापासून फळा माझ्या ताब्यात आहे, मी त्यावर फक्त तारीख लिहिते.

एकटा सिग्नल मात्र वठणीवर येईना. बाकीचे आठ जण गोळ्या घेत होते, डेपोच्या आवाराला रोज संध्याकाळी सहा चकरा मारत होते. हा खिडकीत बसून तळणाच्या गाडीवरून पुडकं मागवायचा. गोळ्या त्याने सोडल्या होत्या, कारण त्यांनी सारखं लघवीला जावं लागतं आणि ड्रायव्हरला ते परवडत नाही. आता तू ड्रायव्हर नाहीस, असं त्याला तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

एका बुधवारी, तीनच्या सुमाराला, मी त्याचा चहा घेऊन गेले. एक बाई हरवलेली पर्स विचारायला उभी होती. सिग्नल तिला काहीतरी सांगत होता, आणि ती गोंधळून बघत होती. मी ऐकलं तर तो म्हणत होता, “तुमची बादली कोणत्या रंगाची?” मग पुन्हा, “बादली.” पर्स हा शब्द त्याला सापडत नव्हता. बाईला वाटलं थट्टा करतो आहे. मी त्याच्या हाताकडे बघितलं. उजव्या हातातलं पेन टेबलावर पडलं होतं आणि तो हात ते उचलत नव्हता.

दादा, तुला आठवतं, आपल्या अण्णांनी त्या सकाळी चष्मा मागताना चमचा मागितला होता. आणि आपण दोघं हसलो होतो. मी आठ वर्षांची, तू अकरा. आपण दिवसभर एकमेकांना चमचा दे, चमचा दे करत होतो. दुसऱ्या दिवशी हसायला काही उरलं नाही.

मी चहा खाली टाकला आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे धावले. ही कंबर घेऊन धावले. अकरा मिनिटांत रुग्णवाहिका आली. तोपर्यंत मी त्याचा हात धरून बसले होते आणि तो मला काहीतरी सांगत होता, त्यातला एकही शब्द धड नव्हता, पण स्वर सगळा माफी मागण्याचा होता. इस्पितळात पोचेपर्यंत बोलणं परत आलं, हातही हलायला लागला. तिथल्या डॉक्टरांनी गळ्यावर यंत्र फिरवून पाहिलं. डावीकडची, मेंदूला रक्त नेणारी वाहिनी निम्म्याला जरा कमी इतकी अरुंद झाली होती. तिथून सुटलेली एक बारीकशी गुठळी वर जाऊन आपोआप विरघळली होती. ते म्हणाले, हा इशारा होता. सगळ्यांना तो मिळत नाही. वेळेवर आणलंत, आता औषधांवर भागेल, शस्त्रक्रियेची गरज नाही.

चार दिवसांनी मी सूप घेऊन भेटायला गेले. घेवडा, पालक, ओट्स, आणि अख्ख्या पातेल्याला चिमूटभर मीठ. त्याने ते पूर्ण संपवलं, चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, “मावशी, हे तुमचं हल्लीचं सूप का?”

“गेल्या पाच महिन्यांपासूनचं.”

“चांगलं आहे,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला. खांदे हलत होते. मी खिडकीतून बाहेरची झाडं मोजली. चौदा होती.

त्यानंतर मला कुणाला काही पटवून द्यावं लागलं नाही. ड्रायव्हर स्वतः येऊन विचारायला लागले, मावशी, घरी बायकोला काय सांगू. मी एका रविवारी कँटीनमध्ये सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं आणि कांदा परतण्यापासून शिकवलं. पन्नास जण येतील म्हटलं, तर एकशेचाळीस आले. डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटं भाषण केलं, मी दोन तास. (ती माझी बडबड मुकाट्याने ऐकत होती, एकदा मात्र मी लसणाने गुठळी विरघळते असं ठोकून दिलं तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं. चारचौघांत चूक कबूल करताना माझा चेहरा सिग्नलसारखा झाला असणार.)

आणि गेल्या महिन्यात शेवटची तपासणी झाली. सिग्नल सोडून राहिलेल्या आठपैकी सहा जण पास. उरलेल्या दोघांचा दाब मर्यादेपासून चार-पाच आकडे वर आहे, येत्या महिन्या-दोन महिन्यांत तेही बसतील. रक्तातली चरबी जवळजवळ सगळ्यांची उतरली. गोळ्या आणि चकरा यांचा वाटा मोठा आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मी कुठे नाही म्हणते? पण गोळ्या आधीही होत्या. वरच्या कचेरीतून दोन माणसं जेवायला आली, जेवली, आणि डबाबंद जेवणाचा कागद साहेबांनी त्यांच्या समोर फाडला. तो फाडताना चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

सिग्नलला पुन्हा बस मिळाली नाही. मिळणार नव्हतीच, असा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हातात प्रवासी देत नाहीत, आणि हे त्याने मला स्वतः येऊन शांतपणे सांगितलं. साहेबांनी त्याला नव्या ड्रायव्हरांना शिकवायला नेमलं आहे. तो आवारात शेजारच्या सीटवर बसतो, गळ्यात शिट्टी, आणि पोरांनी ब्रेक जोरात दाबला की शिट्टी वाजवतो. त्याची एकतीस वर्षं बिनओरखड्याची राहिली. परवा मी त्याला म्हटलं, बत्तिसावं राहिलं. तो म्हणाला, “मावशी, मी राहिलो की.”

तर असा तो फोटो. त्यात मी मध्ये, एका बाजूला जाऊबाई, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई, मागे सगळे ड्रायव्हर. खाली माझं नाव ठळक अक्षरात. आपल्या घरात कुणाचं नाव आजवर छापून आलं नव्हतं, तुझ्या लग्नपत्रिकेतलं सोडून. आपली आई असती तर तिने डेपोत येऊन काच पुसली असती. मी रोज सकाळी पुसते.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कागद संपत आला, आणि पाव भट्टीतून काढायची वेळ झाली, म्हणून इथे हात आवरते.

तुझी,
धाकटी

ता. क. फोटो काढला त्या दिवशीची एक बारीकशी गोष्ट राहिली. डॉक्टरीणबाईंचं दाबाचं यंत्र टेबलावर उघडंच होतं, म्हणून मी सगळ्यांसमोर ऐटीत हात पुढे केला, म्हटलं मोजा, आणि दाखवा यांना दाब कसा असावा. तिने मोजला. मग दुसऱ्या हाताला मोजला. मग बाकीच्यांना बाहेर पाठवलं. त्या नऊ जणांत कुणाचा नव्हता एवढा निघाला. स्वयंपाकघरातली माणसं गाडी चालवत नाहीत म्हणून तेवीस वर्षं आमची तपासणीच झालेली नाही. शिवाय चव बघायला दिवसाला पंधरा-वीस चमचे पोटात जातात, आणि शनिवारच्या बटाट्यांची चव मी जरा जास्तच काळजीपूर्वक बघत होते. गोळ्या सुरू आहेत. जाऊबाई माझं ताट वाढते आणि समोर बसून बघते.

ता. क. २. आपल्या वडिलांना काय झालं होतं ते कळल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाली, भावालाही सांगा. तेव्हा उद्याच जाऊन दाब मोज, रक्त दे, आणि निकालाचा कागद बरोबर घेऊन ये.

ता. क. ३. बरोबर घेऊन ये असं लिहिलं, पण कुठे ते राहिलं. बारा तारखेला सकाळी दहा वाजता इस्पितळात माझ्या गळ्यावर ते यंत्र फिरवून बघणार आहेत. जाऊबाई यायला तयार आहे, पण ती आली तर एकशेवीस जणांना कोण वाढणार? खरं तर वाढायची सोय होईल. मला तूच हवा आहेस. मी घाबरलेले नाही. फक्त अकरा तारखेच्या गाडीने ये, बाराच्या नको. बाराची कधीकधी उशिरा येते.